मी तिचं नाव सांगितलं

ही गोष्ट एकोणीसशे तीसच्या आसपासची. धारवाडच्या मिशन शाळेत मी मास्तर होतो आणि रविवारी देवळात पायपेटी वाजवत असे. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. वय पंचवीस. वडील हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. ते वारल्यावर आई माझ्याकडे, शाळेच्या आवारातल्या दोन खोल्यांत राहायला आली. आम्ही मूळचे मिरजेकडचे. घरातली प्रार्थना मराठीत व्हायची, देवळातली उपासना कन्नडमध्ये. पाप हा शब्द मात्र दोन्हीकडे एकच होता.

ती मिशनच्याच बायकांच्या दवाखान्यात नर्स होती. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिचा नवरा विणकर होता, लग्नानंतर चौथ्या वर्षी प्लेगात गेला. मूलबाळ नव्हतं. सासर कन्नड, पण आई बेळगावची, म्हणून मराठी तिला आमच्यासारखीच यायची. माझ्याशी ती मराठीतच बोलायची. देवळाच्या मंडळीतले सगळे तिला अक्का म्हणत. मीही म्हणायचो. तोंडात बहिणीचा शब्द आणि मनात भलतंच, याची मला इतकी शरम वाटे की पुढे पुढे मी तिला हाक मारणंच टाळू लागलो.

शनिवारी दुपारी गाण्याची तालीम असे. ती दवाखान्यातून तशीच यायची, अंगाला कार्बोलिक साबणाचा वास, मानेवर घाम. पेटीच्या डाव्या बाजूला उभी राहायची. एखादी ओळ चुकली की हसायची, आणि हसताना पदर तोंडाला लावायची नाही. मी नजर पट्ट्यांवर ठेवायचो. तरी ती किती अंतरावर उभी आहे हे मला न पाहताही कळायचं. एकदा गाणं संपलं तरी माझा पाय भात्यावर चालूच राहिला, तेव्हा ती म्हणाली, "मास्तर, देव झोपला वाटतं, अजून वाजवताय?" सगळे हसले. 

या गोष्टीशी मी दोन वर्षं झगडलो. शुक्रवारी उपास धरला. चटई सोडून नुसत्या जमिनीवर झोपलो. माघ महिन्यात पहाटे विहिरीचं गार पाणी अंगावर घेतलं. मन फारच भरकटलं की केळगेरीच्या तळ्यापर्यंत चालत जायचो आणि परत यायचो. काही उपयोग झाला नाही. आमचे पाळक, ज्यांना सगळे अय्यनवरु म्हणत, प्रवचनात नेहमी सांगायचे की शरीर हा मारका बैल आहे, वेसण ढिली सोडली की शिंग पोटात. बाईकडे वासनेनं पाहिलं तरी मनात व्यभिचार झालाच, हे डोंगरावरच्या उपदेशातलं ख्रिस्ताचं वचन मला पाठ होतं. मला वाटायचं, मी रोज व्यभिचार करतो आणि रोज मुलांना प्रार्थना शिकवतो.

लग्न का केलं नाहीस, असं आता कोणीही विचारेल. आमच्यात विधवेच्या लग्नाला बंदी नव्हती. पण मी असा विचार करायचो की लग्न पवित्र असतं, ते पवित्र मनानं करावं. जिच्याकडे मी अशा नजरेनं पाहिलं तिच्याशी लग्न म्हणजे पापाशीच पाट लावल्यासारखं. आधी ही वासना मरू दे, मग बघू. ती मेली नाही.

मग सुगीची उपासना आली. दरवर्षी त्या रविवारी लोक शेतातलं पहिलं पीक देवळात आणत. आदल्या दुपारी आम्ही चार-पाच जण खांबांना ज्वारीची कणसांसकट ताटं बांधत होतो. बाकीचे लोक भोपळे आणायला गाडीकडे गेले. ताट ओढताना पानाच्या धारेनं तिचं बोट चिरलं. मी तिचा हात धरला, रुमाल गुंडाळला, आणि हात सोडला नाही. नंतर मी तिच्या तोंडाशी तोंड नेलं. मी नेलं. हे इथे स्पष्ट लिहितो, कारण जिथे सांगायचं होतं तिथे सांगितलं नाही.

ती मागे सरली नाही. तिनं डोळे मिटले होते. मी दचकून दूर झालो तेव्हा तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर शरम नव्हती.

"एवढं घाबरताय कशाला, मास्तर?" ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही मोकळे, मी मोकळी. आईंच्या कानावर घाला. मी आमच्या सासूबाईंना सांगते."

"हे पाप आहे," मी म्हणालो.

"कुठलं?"

 बाहेर गाडी येत होती. मी मागच्या दारानं निघून गेलो. दुसऱ्या दिवशी पेटी वाजवली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. पुढचा सबंध आठवडा मी तिला टाळलं. ती एकदा शाळेच्या फाटकाशी येऊन थांबली होती. मी वर्गातून बाहेर पडलोच नाही.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं, ख्रिस्ताच्या आठवणीनं भाकरी मोडून सगळ्यांनी खायची असते. अशा मनानं त्या भाकरीला हात लावायचं धाडस मला होईना. शनिवारी सकाळी मी अय्यनवरुंकडे गेलो. ते पडवीत बसून चष्म्याच्या काडीला दोरा गुंडाळत होते. म्हातारे, मायाळू गृहस्थ. माझे वडील वारले तेव्हा हुबळीला येऊन रात्रभर आमच्याकडे बसले होते. मी त्यांच्यापुढे गुडघे टेकले आणि कन्नडमध्ये घडलेलं पाप कबूल केलं. मराठीत मला ते बोलता आलं नसतं.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.  मग विचारलं, "कोण ती?"

मी मान खाली घातली.

"बाळ, अर्धं ओझं उतरवून काय उपयोग? तिच्याही जिवाची काळजी मला आहे ना?"

मी तिचं नाव सांगितलं.

सांगताक्षणी मला इतकं हलकं वाटलं की रडू आलं. घरी येऊन मी किती दिवसांनी पोटभर जेवलो. आईला बरं वाटलं, तिनं आणखी एक भाकरी वाढली.

बुधवारी मंडळीच्या पंचांनी आम्हा दोघांना शाळेच्या खोलीत बोलावलं. पाच पंच आणि अय्यनवरु. मी आधीच जाऊन मुलांच्या बाकावर बसलो होतो. ती कामावरून आली, पांढऱ्या साडीतच. मला पाहिल्यावर तिला कळलं की हे मीच सांगितलं. त्याआधी तिला वाटलं असावं की गाडीवाल्यानं पाहिलं.

एका पंचानं विचारलं, "मास्तर म्हणतात ते खरं?"

"काय म्हणतात ते ऐकू दे," ती म्हणाली.

त्यांनी सांगितलं. ती म्हणाली, "खरं आहे."

"तुम्ही विरोध केलात?"

"नाही."

"पश्चात्ताप आहे?"

ती थांबली. मग म्हणाली, "मला वाटलं होतं, मास्तर घरी विचारायला येतील. मी आठ दिवस वाट पाहिली. त्या वाट पाहण्याचा पश्चात्ताप आहे."

पंच एकमेकांकडे पाहू लागले. त्यांच्यातले सर्वांत वयस्कर माझ्याकडे वळले. "मास्तर, तिनं तुम्हाला थांबवलं नाही, हे खरं ना?"

"खरं," मी म्हणालो.

एवढाच शब्द. तो खोटा नव्हता. पण त्यापुढे एक वाक्य होतं, की सुरुवात माझी होती, तिचा हात मी धरला होता. ते वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. कोणी विचारलं नाही आणि मी बोललो नाही. ती माझ्याकडे पाहत होती. मी बाकावर मुलांनी कोरलेली अक्षरं वाचत होतो.

मला एक महिना प्रभुभोजन बंद झालं, कारण मी आपणहून कबूल केलं होतं. तिला एक वर्ष, कारण तिला पश्चात्ताप नव्हता. शिवाय दवाखान्यानं तिची बदली वीसएक मैलांवरच्या कलघटगीच्या लहानशा औषधशाळेत केली. ती गेली तेव्हा मी वर्गात पाढे म्हणून घेत होतो.

आईला ही बातमी विहिरीवर कळली. ती रिकामी घागर घेऊन घरी आली आणि उंबऱ्यातच बसली.

"तुला तिच्याशी लग्न करायचं होतं का?"

"आई, ते पाप होतं."

"ते देव बघेल. मी विचारते ते सांग."

मी तिच्या हातातली घागर घ्यायला वाकलो.

"आणि नाव का सांगितलंस रे? तुझं तू सांगायचंस. बाईमाणसाचं नाव का घेतलंस?" असं म्हणून ती पदरात तोंड घालून रडली. माझ्या पापासाठी आई रडेल असं मला वाटलं होतं. ती रडत होती त्या बाईसाठी.

चार महिन्यांनी मी कलघटगीला गेलो. सर्व्हिस मोटारीतून उतरलो तर औषधशाळा समोरच होती. शेजारी एक कारागीर लाकडी पाळण्यांना लाखेचा रंग चढवत होता, लाल, पिवळा, हिरवा. ती दारात एका बाळंतिणीशी बोलत होती. बारीक झाली होती. मला पाहून तिनं बाईला निरोप दिला आणि आत येऊन स्टूल पुढे केलं.

मी वाटेत ठरवून ठेवलेलं बोललो. "मी चुकलो. तुमची बदनामी माझ्यामुळे झाली. मी लग्न करायला तयार आहे. अय्यनवरुंना सांगतो."

"तयार आहात," ती म्हणाली. "शिक्षा भोगायला तयार असल्यासारखे."

"तसं नाही."

"मग एक सांगा. त्या दुपारी तुम्हाला आनंद झाला होता का?"

"मला फार लाज वाटली."

"लाजेचं विचारलं नाही मी."

 आनंद झाला होता. आयुष्यात तसा परत कधी झाला नाही. पण तो शब्द त्या गोष्टीसाठी वापरणं मला जमेना.  जणू पाचही पंच त्या खोलीत बसले होते.

तिनं खूप वेळ वाट पाहिली. नंतर उठली, चहा टाकला. कप माझ्या हातात देताना म्हणाली, "मास्तर, लग्न झालं तर तुम्ही रोज रात्री माझ्याशेजारून उठून देवाची क्षमा मागाल. मला ते पाहवणार नाही. माझ्या नवऱ्यानं चार वर्षं मला सुखानं जवळ घेतलं आणि सकाळी सुखानं प्रार्थनाही केली. मला माहीत आहे, तसं होऊ शकतं."

मी चहा प्यायलो. परतीच्या मोटारीला वेळ होता तरी उठलो. तिनं अडवलं नाही.

वर्ष संपलं. आता तिनं पंचांपुढे येऊन क्षमा मागितली असती तर तिला परत घेतलं असतं. ती आली नाही. दुसरं वर्ष गेलं, तिसरंही. कलघटगीच्या बाजूला जंगल लागतं, पावसाळ्यानंतर तिकडे हिवतापाची साथ येते. तिसऱ्या वर्षी साथ मोठी होती. ती खेड्याखेड्यांत क्विनाईन वाटत फिरत होती आणि त्यातच पडली. सकाळी एक माणूस सायकलवरून धारवाडला निरोप घेऊन आला, की बाई गेल्या, तुमच्या रीतीनं काय करायचं ते सांगा.

पंच अय्यनवरुंच्या पडवीत जमले. मीही गेलो. प्रश्न असा होता की मंडळीतून बाहेर असलेल्या बाईला आपल्या दफनभूमीत जागा द्यायची का. एक जण म्हणाला द्यावी, दुसरा म्हणाला मग शिस्तीला अर्थ काय उरला. तासभर तेच चाललं होतं. सायकलवाला अंगणात उन्हात उभा होता.

मी उठलो. "सुरुवात मी केली होती," मी म्हणालो. "तिचा हात मी धरला. ती लग्नाचं बोलली आणि मी पळालो. बाहेर ठेवायचं तर मला ठेवायला हवं होतं."

  शेवटी अय्यनवरु म्हणाले, "हे तेव्हा का नाही बोललास, बाळ?" आणि लगेच स्वतःशीच म्हणाले, "आम्ही तरी कुठे विचारलं."

त्यांनी तिला आणायला गाडी पाठवायचं ठरवलं. मी गाडीबरोबर गेलो. आम्ही पोचलो तोवर दिवस मावळतीला आला होता. तिथल्या लोकांनी आमची वाट पाहून पाहून तिला एका शेताच्या कडेला पुरलं होतं. ते लिंगायत, त्यांच्यातही पुरण्याचीच रीत. शेत एका म्हाताऱ्या विधवेचं होतं. तिच्या सुनेची दोन्ही बाळंतपणं हिनंच केली होती.

गाडीवान म्हणाला, आता उकरायचं का? मी नको म्हणालो.

पुढे मी लग्न केलं नाही. लोकांना वाटलं, मास्तर व्रतस्थ आहेत. पंचांत माझी निवड करायला निघाले तेव्हा मी नकार दिला. देवळात जाणं सोडलं नाही, प्रार्थनाही करतो. ख्रिस्तानं मला क्षमा केली असेल. त्यावर माझा विश्वास आहे. पण जिची मागायची तिची मागता आली नाही, आणि ती कशाबद्दल मागायची हे कळायलाही मला बरीच वर्षं लागली. वासनेबद्दल नव्हे. वासनेनं तिचं काही वाईट केलं नव्हतं.

त्या दिवशी मातीजवळ मी उभा असताना शेतातली म्हातारी आली. मातीवर पाणी शिंपडलं. मग माझ्याकडे नीट पाहून कन्नडमध्ये म्हणाली, "धारवाडहून तिचं कोणी येईल असं वाटलं नव्हतं. ती कधी कोणाचं नाव घ्यायची नाही. तुम्ही तिचे कोण?"

"ओळखीचा," मी म्हणालो.

म्हातारीनं मान हलवली, रिकामा तांब्या उचलला आणि घराकडे चालू लागली.