पहिली तापवणी

प्रयोगशाळेत तिला सगळे चिमटाताई म्हणत. खरं नाव हजेरीच्या यंत्राला ठाऊक होतं, पण ते यंत्र कुणाशी बोलत नसे. एप्रनच्या वरच्या खिशात चिमटा नाही अशी ती कुणी पाहिलीच नव्हती. घरीही तिचा एक वेगळा चिमटा होता. त्याने ती कुसळं काढी, दिवाणाखाली गेलेली बटणं ओढी आणि नवऱ्याच्या भुवयांतले पांढरे केस उपटी. नवरा बिचारा सहन करी, कारण पळून जाणार कुठे?

प्रयोगशाळा म्हणजे बाटल्यांची प्लास्टिकची टोपणं बनवणाऱ्या कारखान्यामागची एक लहानशी खोली. बाहेर यंत्रांचा खडखडाट, आत मात्र दार लावलं की शांतता. कच्च्या प्लास्टिकच्या दाण्यांची पोती आली की प्रत्येक पोत्यातला एक दाणा चिमटाताईकडे येई. ती त्याची पातळ चकती कापी, काट्यावर तोली आणि शर्टाच्या बटणाहून लहान अशा अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीत ठेवून झाकण दाबून टाकी. मग ती वाटी डीएससी नावाच्या यंत्रात जाई. शेजारी तसलीच एक रिकामी वाटी. दोघींना एकाच चालीने तापवायचं आणि रिकामीच्या बरोबरीने राहायला भरलेलीला किती जादा उष्णता लागते ते मोजायचं, एवढंच त्या यंत्राचं काम. आतला पदार्थ वितळू लागला की तो घटाघटा उष्णता पितो आणि पडद्यावरच्या सरळ रेषेला डोंगर येतो. डोंगर कुठे आला, एकटा आला की जोडीने, यावरून चिमटाताई सांगे, “हे आपण मागवलेलं नाही. परत पाठवा.” आणि पोती मुकाट्याने परत जात.

आता यात एक रीत होती, आणि पुढचा सगळा घोळ त्या रीतीने केला. प्रत्येक नमुना दोनदा तापवायचा. पहिल्या तापवणीत तो वितळवायचा, ठरलेल्या गतीने गार करायचा आणि पुन्हा तापवायचा. अहवालात जाते ती दुसरी तापवणी. कारण दाणा आधी कसा गार झाला, गोदामात किती तापला, कुणी त्याला कसं वागवलं, या साऱ्याच्या खुणा पहिल्या तापवणीत दिसतात आणि तिथेच पुसल्या जातात. दुसऱ्या वेळी सगळे नमुने पाटी कोरी करून येतात. खरेदी खात्याला माल कुठला आहे एवढंच हवं असे, त्याच्यावर काय गुदरलं याची चौकशी कोण करतो? त्यामुळे पहिली तापवणी ही चिमटाताईची चहाची वेळ होती. वर्षानुवर्षं तिने ती रेषा धड पाहिलीही नव्हती.

घरी सासूबाई मलम करायच्या. मेण, कोको बटर आणि बदामाचं तेल मंद आचेवर एकजीव करून छोट्या पत्र्याच्या डब्यांत ओतायचं आणि डब्या खिडकीच्या कट्ट्यावर वाऱ्याला ठेवायच्या. हाताला लावलं की लोण्यासारखं मुरायचं. समोरच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंचे हात दिवसभर धुऊन धुऊन फाटत, त्या तर या मलमावर जीव टाकायच्या. सासूबाई तशा जमदग्नीचा अवतार, पण कुणी मलमाचं कौतुक केलं की पदराशी चाळा करत “काही नाही हो, हाताची सवय” असं म्हणत आणि त्या दिवशी सगळ्यांशी गोड बोलत.

आणि एके दिवशी नर्सबाई डबी घेऊन परत आल्या. फार संकोचून म्हणाल्या, “काकू, राग मानू नका हं. पण हे लावताना वाळू लागते हो हाताला.”

सासूबाईंनी बोट घालून पाहिलं. खरंच रवाळ होतं. त्यांनी पुन्हा घाणा काढला, तोही रवाळ. तिसऱ्यांदा डोळ्यांत तेल घालून केला, तरी तेच. त्या दिवसापासून मलमाचं पातेलं चुलीवर चढलं नाही. घासूनपुसून ते दाराशी जुन्या बादलीशेजारी जाऊन बसलं. “रविवारी भंगारवाला येईल, त्याला द्या,” त्या म्हणाल्या. “माझा हात गेला.” आणि त्या कुणावर ओरडेनाशा झाल्या. सासूबाई ओरडत नाहीत म्हटल्यावर घरात सगळ्यांचंच धाबं दणाणलं. संध्याकाळी त्या खुर्चीत बसून आपलेच तळवे उलटसुलट करून बघत राहत. चिमटाताईला ते पाहवेना.

तिने आपल्या पर्समधली जुनी, चांगल्या मलमाची अर्धी डबी शोधून काढली, नवी रवाळ डबी घेतली आणि दोन्ही प्रयोगशाळेत नेल्या. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“चिमटाताई, सासूबाईंनीही टोपणं करायला घेतली की काय?”

“नाही हो. मलम आहे. जेवायच्या सुट्टीत लावते, चालेल ना?”

“लावा. पण आधी थोडं माझ्या कोपराला लावा.”

नव्या मलमाचा कण घेताना त्यात एक करडा धागा निघाला. तिने तो सवयीने चिमट्याने उचलला आणि टाकून दिला. दोन्ही वाट्या पाळीपाळीने तापायला यंत्रात लावल्या, पहिली तापवणी सुरू केली आणि सवयीनेच चहाला गेली. परत आली तोवर दुसरी तापवणी होत आली होती. दोन्ही मलमांचे डोंगर एकावर एक चपखल बसले. सामान तेच, प्रमाण तेच, तसूभर फरक नाही! ती आनंदाने घरी धावली.

“आई, तुमचं काही चुकलेलं नाही! दोन्ही मलमं अगदी एक आहेत. यंत्राने सांगितलंय.”

सासूबाईंनी कागद लांब धरून पाहिला. “म्हणजे मेण वाईट नाही?”

“मुळीच नाही.”

“कोको बटरात भेसळ नाही?”

“नाही हो.”

“मग राहिलं काय?” त्यांनी कागद घडी करून परत दिला. “हातच ना?”

चिमटाताईला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. समजूत घालायला गेली आणि स्वतःच्या हाताने शिक्का मारून आली होती. सासूबाई उठून आत गेल्या. सासरे खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी ते थोडं वर धरलं.

रात्रभर कूस बदलून झाल्यावर सकाळी दात घासताना तिला उमगलं, आणि तिने आरशासमोरच कपाळावर हात मारून घेतला. पाटी कोरी केल्यावर दोन पाट्या सारख्याच दिसणार! मलमावर काय गुदरलं ते पहिल्या तापवणीत होतं आणि तेव्हा बाईसाहेब चहा पीत होत्या.

कामावर जाताच तिने कालची पहिली तापवणी पडद्यावर आणली. चांगल्या मलमाचा एकच नीटस डोंगर. रवाळ मलमाच्या डोंगराला मात्र उजव्या अंगाला, जास्त तापमानावर, एक टेंगूळ. तिने पुन्हा दोन ताजे कण लावले आणि या वेळी खुर्ची सोडली नाही. टेंगूळ पुन्हा आलं. गोष्ट सरळ होती. हे मलम फार हळू गार झालं होतं. हळू गार होताना त्यातला कठीण भाग आधी वेगळा गोठतो आणि त्याचे रवे धरतात. तेच ते वाळूसारखं लागणारं. पण सासूबाई तर डब्या वर्षानुवर्षं त्याच खिडकीत, त्याच वाऱ्याला ठेवत. मग हळू गार केलं कुणी?

शनिवारी झाडताना केरसुणी सासऱ्यांच्या पलंगाखाली अडकली. तिने ओढून काढली ती एक लाकडी पेटी. आतून सगळीकडे दाबलेल्या लोकरीचा जाड करडा नमदा ठोकलेला, वर तसलंच झाकण. उघडली तर मलमाचा वास. आणि तेच करडे धागे.

सासरे दारात उभे होते.

त्यांचं सगळं आयुष्य काचेच्या कारखान्यात गेलं होतं. बाटल्या भट्टीतून निघाल्या की त्या एका लांबलचक बोगद्यातून हळूहळू गार होत पलीकडे जातात, त्या बोगद्याचे ते कारभारी. काच घाईने गार केली की तडकते, हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं होतं की चिमटाताईचा नवरा ते झोपेतही बोले. यंदा निवृत्त झाल्यावर घरी बसून करायचं काय? बायकोला मदत करायला स्वयंपाकघरात शिरले की “अहो, लुडबुड नको” म्हणून बाहेर काढले जात.

“दुपारी ती वाचनालयात जाते ना,” ते खाली मान घालून म्हणाले, “तेव्हा नुकत्याच ओतलेल्या गरम डब्या पेटीत ठेवायचो. ती यायच्या आत परत कट्ट्यावर. म्हटलं, एवढी मेहनत करते, आणि डब्या उघड्या वाऱ्यात! एखादी तडकली तर?”

“बाबा, मलमाचं उलटं असतं. त्याला झटपट गार करावं लागतं.”

“असं?” ते पलंगावर बसले. “काचेचं नाही गं तसं.”

“नाही. काचेचं नाही.”

चिमटाताईला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर हसूही येत होतं. ती हळूच म्हणाली, “आपण असं करू. पेटी माळ्यावर टाकते. पुढचं मलम आपोआप चांगलं होईल. आईंना काही कळायची गरज नाही.”

सासऱ्यांनी मान हलवली. “पुढचं होणार कुठून? पातेलं दाराशी गेलंय. उद्या भंगारवाला येतो.” मग जरा थांबून म्हणाले, “ती रोज हात बघत बसते गं. मी समोर बसून वर्तमानपत्र वाचतो. मलाच सांगायला हवं.”

“त्या चिडतील.”

“चिडू दे. किती दिवसांत चिडली नाही.”

ते पेटी काखोटीला मारून स्वयंपाकघरात गेले. चिमटाताई दारामागे उभी राहिली. असं ऐकणं बरं नव्हे, हे तिला माहीत होतं, पण ती हलली नाही. आतून आधी सासऱ्यांचं पुटपुटणं आलं. त्यात ‘काच’ हा शब्द तेवढा चारपाच वेळा कळला. आणि मग सगळ्या घराचे कान तृप्त करणारा तो आवाज.

“अहो, डोकं आहे का खोकं? इतके दिवस मी माझ्या हातांना शिव्या घालतेय! त्या बिचाऱ्या नर्सबाईंसमोर मान खाली घातली! बाटल्या आहेत का त्या? आँ? आणि मूग गिळून बसलात ते?”

“मला कुठे माहीत होतं! आत्ता सूनबाईने सांगितलं.”

“आणि पेटी कधी केलीत? मला सांगता येत नव्हतं?”

“तू आत येऊ देत नाहीस.”

सासूबाई बाहेर आल्या, दाराशी गेल्या, पातेलं उचललं आणि चिमटाताईला म्हणाल्या, “बघतेस काय? मेण काढ. आणि यांना पसरट परात दे, गार पाणी भरायला.”

त्या दिवशी सासऱ्यांना स्वयंपाकघरात रीतसर प्रवेश मिळाला. सासूबाई मलम ओतीत, ते डब्या गार पाण्याच्या परातीत मांडीत. एका डबीत पाण्याचा थेंब उडाला तेव्हा त्यांचा जो उद्धार झाला, तो ऐकून शेजारचे खिडकीत आले. सासरे मात्र खुशीत होते. सोमवारी चिमटाताईने नव्या मलमाचा कण यंत्रात लावला, चहा सोडून पहिल्या तापवणीकडे टक लावून बसली, आणि एकच नीटस डोंगर उठला तेव्हा प्रमुख बाईंनीच टाळी वाजवली. कोपराला लावायला त्यांनी एक डबी ठेवून घेतली.

संध्याकाळी तिने दोन्ही कागद घरी नेले, टेंगळाचा आणि बिनटेंगळाचा. घरी मलमाचा आणखी एक घाणा परातीत गार होत होता.

“यात माझा हात कुठे दिसतो?” सासूबाईंनी विचारलं.

तिने नीटस डोंगरावर बोट ठेवलं. सासूबाई लाजल्या, पदराशी चाळा केला. मग दुसरा कागद उचलून म्हणाल्या, “आणि हे टेंगूळ म्हणजे पेटी?”

“हो, ती पेटी.”

सासरे लगबगीने पुढे आले. “तो टाका की आता फाडून. चांगला लावा कपाटावर, नर्सबाईंना दाखवायला.”

सासूबाईंनी चांगला कागद घडी करून चिमटाताईला परत दिला. “चांगलं मलम डबीत दिसतंच मला,” त्या म्हणाल्या. टेंगळाचा कागद मात्र त्यांनी कपाटाच्या दारावर सपाट धरला, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली आणि हाताने नीट दाबली.

“अगं, माझी चूक कशाला चिकटवतेस?” सासरे कळवळून म्हणाले.

“माझ्या पाठीमागे माझ्यासाठी काही करत होतात, त्याचा एवढा एकच पुरावा आहे या घरात. राहू दे इथे.”

सासरे परातीतलं पाणी बदलायला गेले. पाणी आत्ताच बदललेलं होतं, पण कुणी त्यांना तसं सांगितलं नाही.