माझ्याआधीची

इथे अमेरिकेत, श्रूजबरीला, आमच्या शेजारी ऐंशीच्या पुढच्या एक अमेरिकन बाई राहतात. त्यांचे पूर्वज इंग्लंडातल्या कुठल्याशा खेड्यातले. तिथल्या चर्चच्या जुन्या नोंदवह्या आता कॉम्प्युटरवर वाचता येतात, पण बाईंना नीट दिसत नाही. म्हणून गेला हिवाळाभर दर शनिवारी मी त्यांना वाचून दाखवायचे. अक्षर असलं किरटं, की डोळे फुटायची वेळ!

एकदा त्यांच्या खापरपणजोबांची बहीण सापडली. आठ दिवसांची होऊन गेलेली, तरी नावानिशी लिहिलेली. बाईंनी आनंदाने टाळ्या पिटल्या आणि मला, काय सांगू, त्यांचा चक्क राग आला.

"तुझ्याआधी एक होती," आई एकदा मेथी निवडता निवडता म्हणाली होती आणि ताट ठेवून उठून गेली होती. मी काही विचारलं नाही. आता विचारायला आई नाही. माझ्या त्या बहिणीचं निदान नाव तरी मला हवं होतं.

घरी येऊन धाकट्या भावाला फोन लावला. आमच्या घराण्याच्या पिढ्या नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वहीत लिहिलेल्या आहेत. बिचारा रजा टाकून जाऊन आला. "ताई, आपल्या पानावर मुली नाहीतच गं. तूसुद्धा नाहीयेस!"

म्हटलं, खड्ड्यात गेली ती वही.

मग आत्या आठवली. बारशाला नाव ठेवायचा मान तिचाच की! ती आता नव्वदीची, पुण्यात असते. व्हिडिओ कॉलवर तिचं नुसतं कपाळ दिसत होतं.

"आत्या, माझ्याआधीच्या बाळाचं नाव काय होतं गं?"

ती म्हणाली, "बारसं झालंच नाही. आदल्या दिवशी गेली. पाळणासुद्धा सजवला होता मी. नाव तेवढं ठरवून ठेवलं होतं."

"काय ठरवलं होतंस?"

"अगं वेडे, तेच मग तुला ठेवलं. वहिनी नको नको म्हणत होती, मीच हट्ट केला. चुकलं का गं माझं?"

"नाही गं आत्या," म्हटलं आणि फोन ठेवला.

आईने मला कधीच नावाने हाक मारली नाही. 'बाळ', 'बये', 'अगं ए', काहीही. लहानपणी मी त्यावरून रुसायचे, भांडायचे. साठी उलटलेली मी किचनमध्ये उभी राहून ढसाढसा रडले. आई हवी होती मला. तिला सांगायचं होतं, नको मारूस नावाने हाक. 'अगं ए' म्हण, चालेल.