मशीनचं पाणी

डिशवॉशरचा लाल दिवा लुकलुकत होता आणि खालून पाणी पसरत होतं. मी नळ बंद केला, प्लग काढला. मशीन जरा पुढे कलवलं, तर तळाच्या तुडुंब ट्रेमधून आणखी पाणी सांडलं. ते पुसत पुसत मी हॉलपर्यंत गेले.

बाबा खुर्चीत बसले होते. पाणी त्यांच्या पावलांपर्यंत पोचलं होतं, साबणाचा फेस तोवर विरला होता. ऑपरेशनपासून त्यांचा लघवीवर ताबा राहिलेला नाही. त्यांनी मला हाक मारली नव्हती. हातातलं वर्तमानपत्र पायांपाशी टाकून ते खिडकीबाहेर बघत होते.

"तू राहू दे गं, मी पुसतो," ते म्हणाले. "मला कळलंच नाही."

"बाबा, हे मशीनचं पाणी आहे. आत या, दाखवते."

"बरं," ते म्हणाले, पण उठले नाहीत.

एकदा स्वतःच्या शरीरावरचा भरवसा उडाला, की माणसाला दुसऱ्याचं खरं बोलणंही दया वाटत असावं. मी खाली बसून फडकं पिळत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तुझी आईपण असंच काहीतरी सांगायची," ते म्हणाले.