पैसे पोहोचल्याचा फोन

ती घटना आजही आठवते, असं म्हणत मी कॉलेजांतल्या भाषणांत ती बरेचदा सांगितली. सांगताना एका बाईंना मात्र दर वेळी वगळलं. आज ते दुरुस्त करतो.

मी तेव्हा कल्याणच्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपत असताना मोहन्याहून एक निवृत्त कामगार आले. गुंतवणूक कंपनीचा म्हणवणाऱ्या एकाच्या सांगण्यावरून त्यांनी मोबाईलवरून ऐंशी हजार पाठवले होते.

"पाच मिनिटांत एका बाईंचा फोन," ते म्हणाले. "काका, पैसे पोहोचले हो, म्हणाल्या. मी विचारलं, कंपनीतून बोलताय का? तर म्हणे, कसली कंपनी? मी नर्स आहे. तुम्ही फसलात बहुतेक. आधी पोलिसांत जा, माझं नाव-नंबर द्या."

पैसे बाईंच्या खात्यात, म्हणजे आरोपी त्याच, असं मी धरलं आणि बँकेला पत्र देऊन अख्खं खातं गोठवलं. आमचे जुने हवालदार हळूच म्हणाले, "साहेब, चोर कधी पोहोच देतो का?"

"तुम्ही जबाब लिहा," मी म्हटलं.

दुपारी त्या न बोलावता आल्या. ठाकुर्लीला राहायच्या. ड्यूटीवरून थेट, हातात डबा. मी तीन तास उलटसुलट प्रश्न विचारले.

"मुलगा मस्कतला असतो. त्याने क्रिप्टो पाठवलं, ती इंटरनेटवरची नाणी. ते मी ॲपवर एकाला विकलं, त्याचे हे पैसे."

"बँकेतून पाठवता येत नव्हते?"

"एरवी बँकेतूनच पाठवतो. पण सुट्ट्या लागून आल्या, तीन दिवस गेले असते. ह्यांच्या डाव्या डोळ्याचा पडदा सरकलाय, साहेब. डॉक्टर म्हणाले, थांबू नका."

"आणि अनोळखी माणसाला फोन कशाला केलात?"

"नाव-नंबर दिसत होता. पैसे मिळाले की कळवायचं असतं. गावाला मनीऑर्डर आली की आई त्याच दिवशी कार्ड टाकायला लावायची. पाठवणाऱ्याचा जीव टांगणीला असतो ना."

मी हसलो होतो. त्या हसण्याची मला लाज वाटते.

मग त्यांनीच माझ्यासमोरचा कागद ओढून सगळं काढून दाखवलं. खरेदीदाराने स्वतःचा रुपयाही दिला नव्हता. बाईंचा नंबर त्याने कंपनीचा म्हणून काकांना दिला होता. नाणी त्याला, नुकसान काकांचं, नाव बाईंचं.

"मला कळलंय हे त्याला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "थोडी नाणी उरलीत. बोलू का त्याच्याशी?"

तिथेच बसून त्यांनी मेसेज केला: उरलेली विकायचीत, पण या वेळी रोख. उत्तर आलं, "आंटी, शीलफाटा आ जाओ."

दुसऱ्या दिवशी शीळफाट्याच्या टपरीवर त्या डबा मांडीवर घेऊन बसल्या. आम्ही चौघे साध्या वेशात. मोटारसायकलवरून दोघे आले.

"जल्दी करो, आंटी."

"बस रे बाळा, उन्हातून आलायस. चहा तरी घे," म्हणत त्यांनी दोघांना बाकावर बसवलं. चहा येईपर्यंत आम्ही घेरलं होतं. त्या दोघांच्या खोलीत सतरा मोबाईल सापडले.

काकांचे पैसे परत द्यायला बाईंनी लगेच लेखी संमती दिली. स्वतःची विकलेली नाणी मात्र गेलीच होती. ऑपरेशनसाठी उरला होता त्यांचा पगार आणि बचत, त्याच गोठवलेल्या खात्यात. "फक्त वादातली रक्कम रोखावी" एवढी एक ओळ मला बँकेला लिहायची होती. त्या दोनदा येऊन गेल्या. मी पत्रकार परिषदेच्या गडबडीत होतो. "उद्या बघू," म्हणालो. पत्र अकराव्या दिवशी गेलं. ऑपरेशन झालं, पण त्या डोळ्याची नजर परत आली नाही.

कागदोपत्री मी लिहिलं, "गोपनीय बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली." मला प्रशस्तिपत्र मिळालं. बातमीदार कोणी नव्हता. होता तो बाईंचा फोन.

नाणी मिनिटांत पोहोचतात, पण ती घेणारा कोण ते कळत नाही. परदेशातून बँकेमार्फत पैसे यायला वेळ लागतो, पण मागे नाव राहतं. हे मी भाषणांत सांगत असे. पण नाव सगळ्यांनाच दिसतं. ते पाहून फोन करणारी व्यक्ती मला साऱ्या नोकरीत एकच भेटली, आणि तिलाच मी आरोपी केलं.

गेल्या महिन्यात हे लिहिण्याची परवानगी मागायला त्यांच्या घरी गेलो. नवऱ्याने मान पूर्ण वळवून उजव्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. मी माफी मागितली. मग बाई म्हणाल्या, "लिहा. पण ह्यांच्या डोळ्याचंही लिहा."

घरी येऊन बूट काढत होतो, तेवढ्यात फोन वाजला.

"साहेब, नीट पोहोचलात ना?"