भाड्यानं घेतलेलं चालणं

नांदुऱ्याच्या मालधक्क्यावर कडूबाची चाल सगळ्यांना ठाऊक होती. मालगाडीच्या वाघिणीला लावलेल्या फळीवरून भरलं पोतं पाठीवर घेऊन दुसरा कुणी चढला, की फळी करकरायची, डुगडुगायची. कडूबा चढला की ती एकदाच वाकायची आणि गप्प बसायची. टोळीतले नवे हमाल त्याचे पाय बघूनच फळी शिकले. महाराष्ट्र होऊन तेव्हा वीस वर्षंही झाली नव्हती, आणि हमालानं तोंड उघडलं की बाजारात अडत्यांच्या भुवया वर जात. तशा काळात या माणसानं पोत्याचं वजन कमी करा म्हणून काम थांबवून टोळी बसवली आणि वजन उतरवूनच उठवली. तेव्हापासून रंगराव अडत्यासुद्धा त्याला 'ए कडूबा' म्हणायचं सोडून 'मुकादम' म्हणू लागला.

अशा माणसाला ऐन चैतात लकवा मारून गेला. वाकडं झालेलं तोंड हळूहळू सरळ झालं, हातही बराचसा आला. उजवा पाय मात्र परक्याचा असल्यासारखा मागं राहायला लागला.

अकोल्याच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "खरं औषध चालणं आहे. रोज चाला. आपलं वजन आपल्या पायावर येऊ द्या." तिथल्या एका खोलीत दोन दांड्यांच्या मधोमध एक फिरता पट्टा होता. दांड्या धरून माणसं त्यावर चालायची, पट्टा मागं सरकायचा आणि माणूस जागच्या जागी.

कडूबानं बायकोला, जनकाबाईला, कोपरानं ढोसलं. "पाह्य व. कवाचा चालून राह्यला थो, अन् अजून तिथंच हाय."

मग त्याला स्वतःला त्यावर उभं केलं. पट्टा सरकला आणि उजवा पाय, थोडासा का होईना, उचलला गेला. कडूबाचं हसू तिथंच थांबलं. पुढच्या हंगामापर्यंत हा पाय आपला व्हायलाच पाहिजे, हे त्यानं त्या दांड्या धरूनच ठरवलं. हंगामात टोळीच्या हमालीचा दर ठरतो. तो ठरवायला खाटेवरचा मुकादम काय कामाचा?

पण चालायचं कुठं?

आपल्याकडं चालण्यासाठी कुणी चालत नाही. माणूस वावरात जातो, बाजारात जातो, लग्नाला, मैताला जातो, आणि चालणं त्याच्या पोटात आपोआप होऊन जातं. कडूबानं लोकांची नजर नको म्हणून उजाडायच्या आधी काठी घेतली आणि भीमनगरातल्या आपल्या घरातून नाल्याकडं निघाला. नाल्यापर्यंत गेला, परत आला. पुन्हा गेला. पुन्हा आला. हातपंपावरच्या बायांनी बघितलं. त्या वेळी माणूस नाल्याकडं कशाला जातो हे काय कुणाला सांगावं लागतं?

दुपारी टोळीतला मोतीराम कागदात डाळिंबाची साल बांधून हजर.

"भाऊ, उगाळून ताकात घ्या. पोट लगेच बसते."

"माह्या पोटाले काय झालं बे?"

"पहाटेपासून सुरू हाय म्हने. बाया सांगून राह्यल्या, मुकादम सारखे जाऊन राह्यले."

"चालाले गेलतो मी."

"कुठं?"

"कुठंच नाई. चालाले."

मोतीरामनं समजल्यासारखी मान हलवली. मग सालीची पुडी हळूच उशाशी ठेवली. "राहू द्या तरी," म्हणाला.

त्या दिवसापासून कडूबा बाहेर निघाला नाही. जुलाबाची बातमी त्यानं हसून सोडली असती. पण आज ना उद्या खरं कळणार आणि फरफटणाऱ्या पायाकडं बघून कुणीतरी चुकचुकणार, ते त्याला सहन होणारं नव्हतं. अंगात रग असलेल्या माणसाला शिवी चालते, कीव चालत नाही.

मग घरातच चालायचं ठरलं आणि मशीन शोधणं सुरू झालं. मोतीरामनं कुठून तरी मुंबईच्या दुकानाची जाहिरात फाडून आणली. चित्रात एक गोरटेला माणूस चड्डीवर धावत होता. ते मशीन विजेवरचं. भीमनगरात विजेचा खांबच नव्हता, त्यामुळं किंमत वाचून छातीवर हात ठेवायचीही पाळी आली नाही. सायकल दुकानदार म्हणाला, जुनी सायकल स्टँडवर पक्की ठोकून देतो, बसल्या बसल्या पायडल मारा. मारून बघितलं. उजवा पाय पायडलावरून सारखा घसरायचा, आणि डॉक्टरनं तर वजन पायावर घ्यायला सांगितलेलं. बसून वजन कशावर येतं ते सगळ्यांना माहीत आहे.

ही सगळी खबर बाजारात पोचली आणि एक दिवस रंगराव स्वतः भीमनगरात आला. जनकाबाई चुलीकडं वळली तसा म्हणाला, "चहा नको बाई, आताच झाला." भीमनगरात आला की रंगरावचा चहा नेहमी आताच झालेला असायचा.

"मुकादम, माह्या घरी चालायचं मशीन पडलं हाय. लाइट लागत नाई, आपल्या पायानंच पट्टा फिरते. साखरेच्या बिमारीसाठी मुंबईहून आनलं. काही दिवस चाललो. मंग आमच्या घरच्यांनी त्याच्यावर कुरड्या वाळू घातल्या. तू घेऊन जाय."

"किंमत?"

"तुले कोन किंमत मांगते? जमंल तसं देजो. नाई दिलं तरी मी काय कोर्टात जातो?" रंगराव उठता उठता म्हणाला, "हंगामात जरा समजून घ्यायचं, बस. दर फार तानू नका."

कडूबानं खाटेची कड घट्ट धरली. "मशीन राहू द्या शेट. कुरड्या कुठं वाळवान मंग?"

रंगराव गेल्यावर जनकाबाईनं चुलीवरचं भांडं दणकन खाली ठेवलं. "तुमच्या अभिमानाले चांगले दोन पाय हायेत. तुमाले एकच हाय."

"त्याचं मशीन घरात आलं तर टोळीचा दर बाहेर जाईन."

"अन् तुमी खाटेवरून दर ठरवसान?"

कडूबा रागावला आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिला.

टोळीनं मग आपलं डोकं लावलं. कापसाच्या बंद पडलेल्या जिनातून टाकलेला जाड पट्टा मिळाला. सुतारानं बाभळीच्या लाकडाचे रूळ काढून दिले. दोन बाजूंना बांबूच्या दांड्या बांधल्या आणि घरातच टोळीचं मशीन उभं राहिलं. आता चालणं म्हटल्यावर हमालाच्या डोळ्यांपुढं काय येणार? फळी. मोतीरामनं पुढच्या बाजूला विटा लावून पट्टा फळीसारखाच चढता केला. कडूबानं पाय ठेवला मात्र, पट्टा सर्रकन मागं गेला आणि मुकादम रांजणावर. रांजण फुटला, घरभर पाणी झालं. कडूबाला विशेष लागलं नाही. पण जनकाबाईनं त्यानंतर जे ऐकवलं ते टोळीतले लोक पुढं बरेच दिवस एकमेकांना सांगत होते.

विटा कमी केल्या तर पट्टा हलेचना. तेव्हा एक जण म्हणाला, "भाऊचा पाय पोत्याखाली कधी चुकला हाय का? रिकाम्या पाठीचं आपल्याले जमतच नाई." सगळ्यांना ते एकदम पटलं. ज्वारीचा अर्धा कट्टा आणला, टोळीच्या रीतीनं दोघांनी तोलून त्याच्या पाठीवर ठेवला. कडूबा वाकला. पट्टा कुरकुरला आणि सरकला. एक पाऊल, अजून एक. "हाव, हाव," मोतीराम म्हणत होता, "असंच."

कडूबाला फार बरं वाटलं. मान खाली, डोळ्यांपुढं फक्त पायाखालचा पट्टा, तोंड कुणाला दिसत नाही, गोणपाटाचा ओळखीचा वास. आपण कुठं आहोत हे चैतापासून पहिल्यांदाच त्याला कळत होतं.

तेवढ्यात ओझं अचानक गेलं. जनकाबाईनं मागून कट्टा ओढून जमिनीवर टाकला होता.

"पाहून राह्यले का तुमी?" ती टोळीला म्हणाली. "डावाच पाय ओढून राह्यला सगळं. उजवा नुसता मागून फरफटून राह्यला. डाक्टरनं त्याच्या पायावर त्याचंच वजन टाकाले सांगतलं, तुमी जवारी कायची टाकली? याले बरं करून राह्यले, का कामावर लावून राह्यले?"

एकेक जण चप्पल शोधू लागला.

कडूबा दांडी धरून तसाच उभा राहिला. पाठ रिकामी झाली तसं त्याला उघडं पडल्यासारखं वाटत होतं. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो चालत होता, पण त्यातलं एकही पाऊल त्याचं नव्हतं. ज्याचं पोतं त्याचं चालणं. वाघिणीपर्यंत याची कपाशी, वखारीपर्यंत त्याची तूर. नुसत्या आपल्यासाठी चालायचं म्हटलं तर पायांना ती सवयच नव्हती, आणि ते लकव्याच्या आधीपासूनचं होतं. जनकाबाई म्हणाली त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मग तो रंगरावचा विचार करू लागला. हा माणूस पावसात ताडपत्री देतो, त्याचं भाडं घेतो. काटा देतो, त्याचं भाडं घेतो. ताडपत्री घेणाऱ्यावर कधी उपकार झाले नाहीत. उपकार फुकटातच येतात.

दुसऱ्या दिवशी बाजार ऐन भरात असताना कडूबा काठी घेऊन निघाला. जनकाबाई बाजूनं चालली, पण हात धरला नाही. त्यानंच धरू दिला नाही. पाय मागं रेघ ओढत होता. पानाच्या टपरीवरचे लोक बोलायचे थांबले. टपरीपर्यंत त्याचं तोंड लाजेनं जळत होतं. पुढं पोटरीत असा काही गोळा आला, की लाजेकडं लक्ष द्यायला जागाच उरली नाही. दोनदा थांबला, भिंतीला टेकला, पण रंगरावच्या दुकानाच्या पायरीपर्यंत गेला.

"शेट, ताडपत्री भाड्यानं देता ना?"

रंगराव गादीवरून अर्धा उठला. "अरे तू? ये, बैस."

"देता ना?"

"देतो."

"काटाबी देता. मंग मशीनबी भाड्यानं द्या. महिन्याच्या महिन्याले, पावती फाडून."

"तुह्याकडून काय भाडं घ्यायचं मुकादम? घरच्यासारखा तू."

"घरच्यांले कुरड्या वाळवू द्या. मले पावती द्या."

दुकानात दोन-तीन गिऱ्हाईकं होती. मुनीम खाली बघून हसला. चारचौघांत नाही म्हणायला रंगरावला कारण सापडेना, आणि भाडं नको म्हणणं त्याच्या तोंडालाच जमत नव्हतं. त्यानं रक्कम सांगितली. कडूबानं घासाघीस केली, जनकाबाईनं त्याहून जास्त केली. संध्याकाळी टोळीनं मशीन खांद्यावरून भीमनगरात आणलं. पट्ट्याच्या फटीतून अजून कुरड्यांचा चुरा पडत होता.

पहिले काही दिवस कडूबा भिंतीकडं तोंड करून चालला. पुढं त्यानंच मशीन फिरवून दाराकडं करून घेतलं. बाया येता-जाता बघायच्या, पोरं दारात बसून खिदळायची, आणि हा दांड्या धरून रिकाम्या पाठीनं चालत राहायचा. उजवा पाय यायला लागला, पण पूर्वीसारखा येणार नाही हेही त्याला समजून चुकलं. त्यानं पोत्याला लावायचा आपला लोखंडी आकडा मोतीरामच्या हातात दिला. "फळी तुही," म्हणाला. "दर माह्याकडे राहू दे."

हंगामात बाजार कपाशीनं आणि ज्वारीनं भरून गेला. दराच्या बोलणीला अडते रंगरावच्या दुकानात जमले. टोळीच्या पुढं कडूबा होता, काठीशिवाय आलेला.

"वा रे मुकादम," रंगराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माह्याच मशीनवर चालून माह्याच दुकानात भांडाले आला."

"भाडं पोचलं ना शेट?"

"पोचलं."

"मंग दराचं बोला."

बोलणं लांबलं. मुनीमनं खुर्ची आणून मागं ठेवली, कडूबानं तिच्याकडं बघितलं नाही. एक-दोन अडत्यांनी आवाज चढवला, त्यानं त्यांच्याहून चढवला. टोळीनं मागितलं तेवढं मिळालं नाही, पण रंगरावनं मनात धरलं होतं त्याच्या बरंच वर ठरलं. हातावर हात पडला. उजवा पाय तोवर मांडीपासून थरथरत होता, आणि ते सगळ्या दुकानाला दिसत होतं. कडूबानं खुर्ची पुढं ओढली, सगळ्यांदेखत पाय दोन्ही हातांनी उचलून नीट ठेवला आणि बसला.