बडे सरांचा पासवर्ड

नोकरीतल्या बऱ्याचशा केसेस आता माझ्या डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही एक तेवढी वेगळी राहिली. खून नाही, दरोडा नाही, तरी ती आठवली की मी अजून अस्वस्थ होतो. त्यातली माणसं हयात आहेत, म्हणून नावं कुणाचीच घेत नाही.

मी मूळचा कराडकडचा. वडील फौजेत, त्यांची शेवटची बदली चंदीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीत झाली. ते निवृत्त होऊन गावी गेले आणि मी चंदीगड पोलिसांत भरती होऊन इथेच चिकटलो. शेवटची वर्षं सायबर ठाण्यात काढली. सकाळी हजेरी, मग तक्रारदारांची रांग. कुणाचं खातं पळवलेलं, कुणाला खोटी नोकरी लागलेली.

एके सकाळी ठाण्यातला प्रिंटर अडकला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "च्यायला, ह्याचं मढं बशिवलं!" रांगेत ताठ उभा असलेला एकजण एकदम म्हणाला, "साहेब, तुम्ही आपल्याकडचे?" तासगावचा निघाला. हवाई दलात सार्जंट. त्याच्या बायकोला कॅन्सर झाला होता आणि शहरातल्या एका खासगी रुग्णालयात तिचं रेडिएशन चालू होतं.

"तिच्या आईला आम्ही काही कळवलं नव्हतं, साहेब," तो म्हणाला. "म्हातारीला झेपलं नसतं. पण रुग्णालयाच्या फॉर्मवर नातेवाईक म्हणून तिचा नंबर होता, त्यावर काल गावाकडे फोन गेला. लेकीचं नाव, आजार, फाईल नंबर, डॉक्टर, सगळं त्या माणसाला पाठ. म्हणे रेडिएशन बंद आहे, पैसे परत करतो, मोबाईलवर आलेला ओटीपी सांगा. ओटीपी तिनं दिला नाही. पण पोरीला कॅन्सर झालाय हे तिला एका भामट्याकडून कळलं."

"रेडिएशन बंद का आहे?"

"मशीन बिघडलंय म्हणतात. रोज 'उद्या या' म्हणतात. दुसऱ्या रुग्णालयात विचारलं, तर ते म्हणतात आजवर किती डोस झालाय ते लिहून आणा, त्याशिवाय आम्ही हात लावणार नाही. आणि इथले लोक लिहून देत नाहीत. उपचारात खंड पडू देऊ नका, असं ह्यांच्याच डॉक्टरनं आम्हाला बजावलं होतं."

गुन्हा दाखल करताना माझ्या लक्षात आलं की ह्याला नुसता भामटा पकडून नको आहे. ह्याला बायकोचे उपचार सुरू व्हायला हवे आहेत.

साध्या कपड्यांत रुग्णालयात गेलो. आधी कँटीनमध्ये बसलो. चहाचं कूपन मुलीने पेनाने लिहून दिलं. औषधांच्या दुकानात बिलं पेनाने, चौकशीच्या खिडकीवर संगणकाचा पडदा काळा. रेडिएशनचं मशीन बिघडलं म्हणून चहाचं कूपन हाताने कशाला लिहावं लागेल? व्यवस्थापकांना भेटलो, तर म्हणाले, "पार्ट बाहर से आना है जी, कस्टम में अटका हुआ है, बारिश में फ्लाइट लेट हो गई." मी एवढं विचारलंच नव्हतं. खोटं बोलणाऱ्याला न विचारलेलं सांगायची फार हौस असते.

संगणक विभागाच्या प्रमुखाला ठाण्यात बोलावलं. मनीमाजऱ्यात राहणारा, साधा, पापभिरू गृहस्थ. त्याला दम देण्यात अर्थ नव्हता. चहा मागवला आणि एवढंच विचारलं, "कँटीनचं कूपन पेनाने का लिहितात हो?"

त्याने कप खाली ठेवला. मग त्याचे डोळे भरून आले. "मशीन बिल्कुल ठीक है, सर जी. कंप्यूटर सारे लॉक हो गए हैं. हर मरीज़ की फ़ाइल, रेडिएशन का सारा प्लान. खोलने के पैसे माँग रहे हैं."

सगळा प्रकार त्याने सांगितला. हल्लेखोरांनी आधी रुग्णांची माहिती उचलून नेली आणि मग सगळं कुलूपबंद केलं. बाहेरच्या एका कंपनीने दोन-चार दिवसांत कुलूप काढून देतो असं सांगितलं होतं, ते काही जमलं नव्हतं. व्यवस्थापनाने सगळ्यांना तोंड बंद ठेवायला बजावलं. डोसची माहिती डॉक्टरांकडच्या कागदांवर थोडीफार होती, पण ती लिहून द्यायची तर कारण द्यावं लागणार, आणि कारण दिलं की बोंबाबोंब होणार. म्हणून मशीन बिघडलं.

"ते आत शिरले कुठून?" मी विचारलं. इथे मात्र तो अडला. जो माणूस मोठी गोष्ट सांगून टाकतो आणि मग छोट्या गोष्टीपाशी अडतो, तो स्वतःला वाचवत नसतो, दुसऱ्या कुणाला तरी वाचवत असतो. मी दुसरा चहा मागवला.

"बड़े सर का अकाउंट," तो शेवटी पुटपुटला. "रिटायर हो गए, पर उनका नाम कौन काटेगा जी? रेडिएशन का पूरा विभाग उन्होंने खड़ा किया है." बाकी सगळ्यांचे पासवर्ड ठरावीक काळाने बदलायचे, मोबाईलवर ओटीपी यायचा. बडे सरांना हे तपासणं अपमानाचं वाटेल म्हणून त्यांना सगळं माफ. त्यांना परिषदेचं खोटं निमंत्रण आलं, त्यात त्यांनी पासवर्ड टाकला आणि चोर थेट मुख्य संगणकापर्यंत पोचले. "उनको किसी ने बताया नहीं. आप भी मत बताइए, टूट जाएँगे."

आपल्याकडे आदर असा असतो बघा! म्हाताऱ्याला दुखवायचं नाही म्हणून घराचं दार उघडं टाकायचं.

बडे सर निघाले पुण्याचे. सारी हयात चंदीगडात गेलेली. कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, अंगणात गुलाबांना पाणी घालत होते. मी मराठीत नमस्कार केला तसे खुश झाले. "या, या! घरात पोहे आहेत." पोह्यांची बशी हातात घेऊन मी त्यांना सगळं सांगितलं. असं काम मी पुन्हा करणार नाही.

ते म्हणाले, "म्हणजे दार मीच उघडलं." आणि लगेच, "रुग्णांना काय सांगितलंय?"

"मशीन बिघडलंय म्हणून."

म्हातारा असा उसळला की मी बशी खाली ठेवली. "मशीन? अरे, एकेक दिवस मोलाचा असतो त्या बायाबापड्यांचा! माझी लाज राखायला त्यांना बसवून ठेवलंय? चला. तुमची गाडी आहे ना?"

रेडिएशन विभागाच्या बाहेर बाकांवर माणसं बसली होती. बडे सर घरच्या सदऱ्यावर तिथे उभे राहिले आणि हिंदीत स्पष्ट बोलले: मशीन ठीक आहे, आमच्या संगणकांवर हल्ला झालाय, तुमची माहितीही चोरीला गेली आहे, ओटीपी मागणारा फोन आला तर ठेवून द्या, आणि चोर माझ्या खात्यातून आत आले. कुणी ओरडलं, एक बाई रडायला लागली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग सध्याच्या विभागप्रमुखांना, म्हणजे आपल्याच विद्यार्थ्याला, ते म्हणाले, "बैठो. जितना काग़ज़ पर है, लिखकर दो. अभी." व्यवस्थापक मधे पडायला गेले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना बाजूला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सार्जंटच्या बायकोला दुसऱ्या रुग्णालयाने दाखल करून घेतलं.

तपासाचं म्हणाल, तर ओटीपी मागणारा मोहालीच्या पोलिसांच्या मदतीने झिरकपूरच्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये सापडला. त्याने रुग्णांची माहिती फक्त विकत घेतली होती. ज्यांनी कुलूप घातलं, त्यांचा माग देशाबाहेर गेला आणि तिथेच संपला. ते मला आजही खुपतं.

उपचार पूर्ण झाल्यावर सार्जंट आणि त्याची बायको पेढे घेऊन आली. ती हडकुळी, डोक्याला रुमाल बांधलेली, पण बोलायला खमकी. म्हणाली, "चोर परके होते साहेब, त्यांच्यावर माझा राग नाही. पण रोज माझ्याकडे बघून 'उद्या या' म्हणणारी माणसं मला ताई म्हणायची."

मी तिच्या डॉक्टरांना एकट्यात गाठून विचारलं, त्या खंडाने काही बिघडलं असेल का? ते म्हणाले, सांगता येत नाही, तपासण्या करत राहायचं.

आता कुठे व्याख्यानाला बोलावलं की लोक विचारतात, अशा हल्ल्यात एकूण नुकसान किती होतं? किती फाईली, किती कोटी? आकडे सांगणारे माझ्याहून हुशार लोक आहेत. मी सांगतो, माझ्या केसमधलं नुकसान अजून मोजून झालेलं नाही. कोर्टात ती केस कधीच निकाली निघाली. सार्जंटची बदली झाली, ती दोघं आता दूर दक्षिणेत असतात. पण तपासणीच्या दिवशी त्याचा फोन येतो, "साहेब, रिपोर्ट संध्याकाळी मिळणार." मग माझी बायको कितीही ओरडली तरी मी ताटावर बसत नाही. मी फोन जवळ घेऊन बसतो.

आजही बसलोय.