घमेल्याभोवतीची पांढरी रेघ

आमच्या नात्यागोत्यात माझं एक नाव झालं आहे, आणि ते खोटं आहे. बारशात, साखरपुड्यात जेवणाच्या पंगतीला कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवून सांगतं, की या माणसानं म्हातारपणी मांजराचं हागणं-मुतणं काढलं, सुया टोचल्या, पोटच्या लेकरासारखं सांभाळलं. मग तेच लोक माझ्या बायकोकडे वळतात. म्हणतात, हिनं दूध पाजून पाजून वाट लावली होती मांजराची, नशीब यानं सावरलं. ती पदर तोंडाशी नेऊन त्यांच्याबरोबर हसते. मी खाली मान घालून जेवत राहतो. आता माझं वय झालं आहे. यातलं काही खरं नाही, एवढं तरी सांगून ठेवलं पाहिजे.

लेकरासारखं वगैरे काही नव्हतं. मला त्या मांजराची किळस यायची, आणि अजून येते.

वडीगोद्रीला रस्त्याकडेला माझं बी-बियाण्याचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. गुडघे गेल्यावर ते बंद करून आम्ही जालन्याला, मस्तगडच्या बाजूला राहायला आलो. घर लहान, मागं पत्र्याची पडवी आणि पडवीतच मोरी. हिनं तिथल्या भिंतीवरून एक मांजरीचं पिल्लू उचलून आणलं. नाव ठेवलं नाही. नुसतं बाई म्हणायची. बाई जेवली का, बाई कुठं गेली. एखादी सासू घरात राहायला आल्यासारखं.

आजूबाजूला सगळं सिमेंट आणि गल्लीत कुत्री, म्हणून बाईचा कार्यक्रम घरातच. न्हाणीघर बांधताना उरलेली वाळू होती. ती एका घमेल्यात भरून पडवीत ठेवली. ही सकाळी वाळू चाळायची आणि घाण कागदात गुंडाळून टाकून द्यायची. मी तिकडे फिरकत नसे. तोंड धुवायला मोरीवर जावं लागायचं तेव्हा श्वास धरून जायचो.

काही वर्षं असं चाललं. मग हिची कंबर धरली, वाकता येईना, आणि घमेलं माझ्याकडे आलं. आधी ओल्या वाळूची ढेकळं लिंबाएवढी निघायची. माझ्याकडे आल्यावर ती मोसंबीएवढी झाली. घमेलं उचललं तर कालवलेल्या सिमेंटच्या मालासारखं जड. वास असा, की नाकाला उपरणं बांधलं तरी उपरण्याला लागायचा आणि दिवसभर तेच उपरणं खांद्यावर. बाई पाणीही तसंच प्यायची, बादलीत तोंड घालून, मान वर न करता. खायची भरपूर आणि वाळत चालली होती. मला स्वतःला साखरेचा आजार आहे. तहान, लघवी, वाळणं, ही तिन्ही मी माझ्या अंगावर पाहिलेली आहेत. पण मांजराकडे बघताना माझं नाक चालत होतं, डोकं चालत नव्हतं.

मग मुंग्या आल्या. भिंतीच्या कडेनं रांग धरून थेट घमेल्यात. वाळू चाळायला घेतली की मुंग्या हातावर चढायच्या. मूत लागलेल्या मुंग्या. मला ओकारी आली.

इथं हिची एक सवय सांगितली पाहिजे. आंघोळ झाली की ही तुळशीपाशी मुंग्यांच्या वारुळाला चिमूटभर पीठ आणि साखर घालते. तिच्या आईची रीत. मी पूर्वी हटकलं होतं तेव्हा म्हणाली होती, "त्यायला तोंड हाय, पण मागता येत न्हाई." त्यामुळे घमेल्यातल्या मुंग्या पाहिल्यावर मला क्षणभरही वेगळं काही वाटलं नाही. मी हिला बोलावून म्हणालो, बघ, तुझ्या पुण्याची रांग मोरीपर्यंत आली. साखर बंद कर. तिनं बंद केली. मुंग्या काही कमी झाल्या नाहीत. गावाकडे कोणत्याही म्हाताऱ्याला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, की मुतावर मुंगी आली म्हणजे अंगात साखर झाली. माझ्या वडिलांचा आजार असाच कळला होता. पण मुंग्यांना साखर घालणारी बायको घरात असताना मुंग्या साखरेला आल्या, यापुढे माझा विचारच गेला नाही.

हिच्या भाचीच्या मुलाचं परतूरला बारसं होतं. ती गेली. मी घरी थांबलो, आणि दुपारी दुकानातला जुना डबा माळ्यावरून काढला. मुंग्यांची पावडर. घमेल्याच्या भोवती गोल रेघ ओढली आणि भिंतीच्या कडेनं सरळ दुसरी. दुकानात गिऱ्हाइकाला मी अशीच ओढून दाखवायचो. दाखवून झालं की सांगायचो, हात धुवा, लेकरं आणि जनावरं लांब ठेवा. ते वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलं होतं की झोपेतही म्हटलं असतं. त्या दिवशी मला ते आठवलं नाही, असं मी म्हणणार नाही. आठवलं होतं. मांजर काय, उडी मारून जाईल, असं वाटलं.

संध्याकाळी ही आली. पडवी कोरी. मुंग्या कुठं गेल्या, म्हणाली. मी सांगितलं, रॉकेलनं पुसून घेतलं. मुंग्या मारल्या म्हटलं असतं तर ती जेवली नसती. रेघ राखेसारखी दिसत होती. मोरीपाशी आमच्याकडे भांड्यांची राख असतेच.

त्यानंतर बाईच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या. उलट्या व्हायच्या, पिवळ्या, फेसाच्या, एकदा तर माझ्या पेपरावरच. मग जुलाब. घमेल्यापर्यंत तिला पोचता येईना. पडवीभर, उंबऱ्यावर, माझ्या चपलेत. शेपटीखालचे केस चिकटून वाळून खरखरीत व्हायचे. ते कोमट पाण्यानं भिजवून कापडानं पुसायचं, ती ओरबाडणार, आणि मी तोंड फिरवून पुसणार. जेवायला बसलो की पिठलं समोर आणि नाकात ते. आजही मला पिवळं पिठलं बघवत नाही. ही समजून घेऊन बेसनाऐवजी डाळ करते.

मांजराच्या डॉक्टरकडे नेलं. तरुण मुलगा, बोलायला नीट. रक्त तपासून म्हणाला, साखर खूप वाढली आहे. मग त्यानं विचारलं, "आजी, हिच्या लघवीला मुंग्या लागायच्या का?"

"लागायच्या की. आता न्हाई लागत."

"आपोआप गेल्या?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, पुसून काढल्या. तो पुढं खायला काय देता यावर गेला. हिनं प्रांजळपणे सगळं सांगितलं. दूध, दुधात कुस्करलेली भाकर, कधी वरून साखर, कारण बाई नुसतं खात नाही. डॉक्टरनं समजावलं, मांजराला दूध पचत नाही, त्यातून हा आजार, जुलाब आणि उलट्या त्याच्यानंच असणार. आजी, लाड कमी करा, म्हणाला. रागावून नाही, हसून. हिचा चेहरा मात्र उतरला. तेव्हा बोलायला हवं होतं. डॉक्टर समोर बसला होता, आणि काही विषारी पोटात गेलंय का, तेही त्यानं विचारलं. मी म्हणालो, आमच्या घरात तसलं काही नाही.

घरी आल्याबरोबर मी पडवी साबणानं धुतली. दोनदा धुतली आणि डबा नाल्यात फेकला. जुलाब ओसरले, लाळ थांबली. त्याच दिवसांत दूधही बंद झालं होतं. त्यामुळे सगळ्यांना पुरावाच मिळाला. पुण्याहून मुलगा फोनवर हिला म्हणाला, आई, आता तू तिला काही भरवू नकोस, बाबांना करू दे. तिनं ऐकलं. बाईची वाटी माझ्याकडे दिली आणि त्यानंतर त्या वाटीला हात लावला नाही. बाई पायात घोटाळली तर पाय बाजूला घ्यायची. माझ्याच हातानं आजारी पडली, असं ही शेजारणीला सांगत असताना मी ऐकलं.

पुढची सेवा ती हीच. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन, मानेची कातडी चिमटीत धरून. डॉक्टरनं उकडलेली कोंबडी सांगितली होती. श्रावण लागला तरी ती सुटली नाही. मी पडवीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं मांडून ती उकडायचो, आणि तो वास, खालचा घमेल्याचा वास, फिनेलचा वास, तिन्ही मिळून जे व्हायचं त्याला माझ्याकडे शब्द नाही. जुलाब गेले तर मलावरोध झाला. घमेल्यात बसून बाई कण्हायची आणि दगडासारखं काहीतरी टाकायची. त्यावर डॉक्टरनं लाल भोपळा उकडून कालवायला सांगितला. वाळूऐवजी घमेल्यात घालायचं विकतचं लिटर मुलानं पाठवलं, वाळूपेक्षा बारीक. ते तिच्या ओल्या पंजांना चिकटून घरभर, अंथरुणापर्यंत यायचं.

आणि बाई माझ्या हातून खाईना. माझा हात तिला आवडत नव्हता, याचं मला नवल वाटत नाही. वाटी हुंगायची, हिच्याकडे बघायची, आणि हिनं पाठ फिरवली की उठून जायची. डॉक्टरची ताकीद होती, खाल्ल्याशिवाय टोचायचं नाही. त्यामुळे मी तिच्या मागं वाटी घेऊन फिरायचो, आणि ही स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहायची.

एका सकाळी बाईनं घमेलं सोडून माझ्या आंघोळीच्या पाटावर घाण केली. माझं डोकं गेलं. ते आवरून, सुई टोचून, एकदाची आंघोळ करावी म्हणून मी वाटी खाली ठेवली आणि ती खातेय की नाही हे न बघताच टोचलं. खाईल नंतर, म्हटलं. आंघोळ करून आलो तर वाटी तशीच भरलेली आणि बाई मोरीपाशी दारू प्याल्यासारखी चालत होती. मागचे पाय फाकले, ती आडवी झाली, जबडा थडथडायला लागला.

बाईची साखर एकदम उतरली होती. अशा वेळी साखर-पाणी हिरड्यांना लावायचं, हे मला माहीत होतं. मी ओरडलो. ही साखरेचा डबा घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली. डबा माझ्यापुढं धरला.

"तुम्ही लावा. माझा हात चांगला न्हाई तिला."

मी बोट साखरेत बुडवलं. बोट तोंडात जाईना, बाईचे दात लागत होते. मी म्हणालो, तू ये. ती मान हलवत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण पाय उंबऱ्याच्या आत.

"तुझ्या दुधानं काही झालं नव्हतं," मी म्हणालो. "मुंग्यांची पावडर मी टाकली होती. घमेल्याभोवती. तू परतूरला गेल्ती तवा."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. खाली बसली, बाईचं डोकं मांडीवर घेतलं, साखरेत पाण्याचे थेंब टाकले आणि बोटानं हिरड्यांना चोळत राहिली. तोंडानं काहीतरी पुटपुटत होती, ते बाईशी होतं. मी रिक्षा आणली.

बाई वाचली. दवाखान्यातून परत येताना ती हिच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली होती आणि टॉवेलाला मुताचा वास येत होता. हिनं टॉवेल बाईच्या मानेपर्यंत ओढला. मग विचारलं,

"मुंग्या समद्या मेल्या का?"

मी हो म्हणालो.

"मी वाट बघून राह्यले व्हते त्यांची. वाटलं, साखर बंद केली म्हणून रुसल्या."

मला वाटलं होतं ती रागावेल, डॉक्टरसमोरच्या खोट्याबद्दल बोलेल, मुलाच्या फोनबद्दल बोलेल. त्यातलं काही निघालं नाही. घरी उतरताना एवढंच म्हणाली, "मंग आता खायला मी घालीन. घमेलं तुमचं."

तेव्हापासून तसंच आहे. बाई हिच्या हातून मुकाट्यानं खाते, तिचं खाऊन झालं की ही मला हाक मारते, मी टोचतो. तुळशीपाशी पुन्हा पीठ-साखर पडते. मुंग्या परत आल्या आहेत, बहुतेक दुसऱ्या. आता घमेल्यात मुंगी दिसली तर साखर वाढली समजायचं, असं डॉक्टर म्हणाला आहे. म्हणून रोज सकाळी मला चष्मा लावून, नाक त्या घमेल्यापर्यंत नेऊन बघावं लागतं. पूर्वी श्वास धरून जायचो, आता चष्म्यावर वाफ येईपर्यंत वाकतो. किळस तसूभर कमी झालेली नाही.

परवा एका साखरपुड्यात पुन्हा तेच झालं. माझं कौतुक आणि हिची थट्टा. ही हसली. घरी येताना मी विचारलं, तू सांगत का नाहीस त्यांना, खरं काय ते.

"मी कामून सांगू? तुमच्या तोंडात काय दात न्हाईत?"

मुलगा दिवाळीला येणार आहे. तेव्हा ही समोर बसलेली असताना हे त्याला वाचून दाखवायचं, असं मी ठरवलं आहे. नंतर त्यानं ते मामाला, मावशीला, कोणालाही सांगावं. आता उठतो. हिनं हाक मारली आहे, आणि पडवीतून वास यायला लागला आहे.